डाव्या कुशीवरचं जेवण: गच्चीवर रोमन पंगत कशी घालावी

वामकुक्षी म्हणजे काय हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुपारचं जेवण, मग डाव्या कुशीवर अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात बेल वाजवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. रोमन लोकांनी यात एकच बदल केला होता. ते आधी डाव्या कुशीवर व्हायचे आणि मग जेवायला लागायचे. डावं कोपर उशीवर, उजवा हात मोकळा, पाय मागे सोडलेले.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. एकदा वर्गात ओघात हे सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ठसका नाही का लागायचा?" तेव्हा हसण्यावारी नेलं. निवृत्त झाल्यावर करून पाहिलं. लागतो. पहिल्याच वर्षी दोघींना लागला, एकीच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आता चार वर्षं आमची डिसेंबरची भिशी अशीच होते आणि दर वर्षी कुणीतरी "कसं करायचं ते लिहून दे" म्हणून मागे लागतं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नका.

एक गोष्ट आधी साफ करते. सगळं रोम असं लोळून जेवत नव्हतं. बहुतेक माणसं इन्सुला नावाच्या बहुमजली इमारतींत भाड्याच्या खोल्यांत राहायची, आपल्या चाळींसारखी, आणि वरच्या मजल्यावर चूल पेटवण्याची सोय बेताचीच. पाव, लापशी, थोडी भाजी, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम काहीतरी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अशी दुकानं गल्लोगल्ली सापडली आहेत, ओट्यात पुरलेल्या मडक्यांसकट. गाद्यांवरचं जेवण म्हणजे 'केना', खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचं. आपण करणार आहोत ते हे.

वेळ आणि माणसं

दिवस डिसेंबरातलाच धरा. १७ डिसेंबरला रोममध्ये सॅटर्नेलिया नावाचा सण सुरू व्हायचा, आणि तो पुढे काही दिवस चालायचा. कामधंदे बंद, एरवी मनाई असलेला जुगार राजरोस चालू, एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट द्यायच्या. पुण्यातही तेव्हा थंडी असते, गच्चीवर ऊन सोसतं.

वेळ मात्र घड्याळाची नाही. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग करायचे, दिवस लहान असो की मोठा. त्यामुळे खुद्द रोममध्ये हिवाळ्यातला तास आपल्या पाऊण तासाचा आणि उन्हाळ्यातला सव्वा तासाचा. आपल्याकडे डिसेंबरात सातला उजाडतं आणि सहाला मावळतं, म्हणजे अकरा तासांचे बारा भाग, एक भाग ५५ मिनिटांचा. केना नवव्या तासाला, स्नान उरकून. हिशेब केला तर आपला नववा तास दोन वीसला सुरू होतो आणि सव्वातीनला संपतो. ऐन वामकुक्षीच्या वेळी पुणेकरांना जेवायला बोलवायचं म्हणजे धाडसच, पण इथे दोन्ही एकदमच होणार असल्यामुळे कुणी फार कुरकुर केली नाही.

माणसं नऊ. पाहुणे तीन सौंदर्यदेवींपेक्षा कमी नकोत आणि नऊ कलादेवतांपेक्षा जास्त नकोत, असं व्हॅरो या विद्वानाचं मत होतं. आमच्या भिशीत नऊ जणीच आहेत, हा योगायोग. तुमच्यात बारा असतील तर तिघींना वाढायला लावा.

गाद्या

पहिल्या वर्षी मी हा प्रकार हॉलमध्ये केला. एरंडवण्यातला जुना फ्लॅट, हॉल दहा बाय सोळा. मधल्या गादीवरच्या तिघींचे पाय टीव्हीच्या कपाटाला, एका बाजूच्यांचे सोफ्याखाली, आणि नणंदबाईंचे थेट बाल्कनीच्या उंबऱ्यावर. वाढायला वाटच उरली नाही. आमटीचं पातेलं डोक्यांवरून पास करावं लागलं आणि त्यातली वाटीभर माझ्या बैठकीच्या चादरीवर आजही आहे. तेव्हा सरळ गच्चीवर जा. रोमन लोकही उन्हाळ्यात बागेत अशा बैठका मांडायचे, त्यामुळे खोटं काही होत नाही. सोसायटीला आधी अर्ज द्यावा लागतो, "कौटुंबिक कार्यक्रम" एवढंच लिहा.

या बैठकीचं नाव त्रिक्लिनियम, म्हणजे तीन पलंगांची. दोन सिंगल गाद्या शेजारी जोडल्या की तिघींचं एक अंथरूण होतं. अशी तीन, म्हणजे गाद्या सहा. मध्ये चौरंग, तीन बाजूंना अंथरुणं, चौथी बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी. डोकी चौरंगाकडे, पाय बाहेरच्या बाजूला. सरळ झोपायचं नाही, तिरकं व्हायचं, म्हणजे तुमच्या उजवीकडच्या बाईचं डोकं साधारण तुमच्या छातीसमोर येतं. पहिल्यांदा सगळ्या लाजतात, दहा मिनिटांनी लाज जाते.

खरी मेख कोपराखाली आहे. मऊ उशी दिलीत तर कोपर खचतं, खांदा वर येतो आणि पाव तासात हाताला मुंग्या. मंडपवाल्याकडून कापसाचे कडक लोड आणा, माणशी एक. चौरंग गादीपेक्षा वीतभरच उंच हवा. आणि ठसक्यावरचा उपाय: घास लहान घ्या, पिताना उठून बसा. रोमन काय करायचे ते करोत, आपल्याला भिशी पुढच्या महिन्यातही चालवायची आहे.

आता भांडणाचा मुद्दा. नऊ जागा सारख्या नाहीत. मधल्या अंथरुणावर जेवणाऱ्याच्या उजव्या हाताची शेवटची जागा सर्वांत मानाची, तिला कॉन्सलची, म्हणजे रोममधल्या सर्वांत बड्या अधिकाऱ्याची, जागा म्हणत. तिला लागून, पुढच्या अंथरुणाच्या पहिल्या जागेवर यजमान, म्हणजे बड्या पाहुण्याशी कुजबुजता येतं. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने एक कारण असं दिलंय की ती कोपऱ्यावरची जागा असल्यामुळे कॉन्सलला जेवता जेवता निरोप घेता यायचे. कुणाला कुठे लोळवलं यावरून रोममध्ये माणसाची किंमत कळायची. आपल्याकडे विहिणीला पाट कुठे मांडला यावरून जे होतं, तेच. आम्ही तोडगा काढला आहे: त्या महिन्याची चिठ्ठी जिला लागेल, ती कॉन्सल. पैसे घ्यायचे आणि मानही घ्यायचा, मग पुढच्या महिन्याचा फराळ तिच्याकडे.

पूर्वी पुरुष लोळायचे आणि बायका शेजारी बसून जेवायच्या, अशी जुनी रीत होती. सम्राटांच्या काळापर्यंत बायकाही लोळायला लागल्या होत्या. त्यामुळे आमच्या नऊ जणी कोणत्याही अपराधी भावनेशिवाय आडव्या होतात.

कपड्यांचं एका ओळीत: टोगा नको. पहिल्या वर्षी एकजण पलंगपोस गुंडाळून आली, तिला मी सांगितलं की रोममध्ये टोगा घातलेली बाई म्हणजे वेश्या किंवा व्यभिचारी, आणि ती पलंगपोस सोडून बसली. सॅटर्नेलियात तर पुरुषही टोगा काढून ठेवायचे. आपण साडीवर शाल घ्यायची आणि डोक्यावरून पदर. तिथल्या घरंदाज बायका पाल्ला नावाचं वस्त्र असंच डोक्यावरून घ्यायच्या.

आधी काढून टाका

रोमन स्वयंपाक शिकायचा म्हणजे आधी स्वतःच्या ओट्यावरून वस्तू उचलायच्या. मिरची गेली. टोमॅटो गेला. बटाटा, शेंगदाणे, मका, काजू, हे सगळं अमेरिकेतून आलेलं, रोमन साम्राज्य बुडून हजार वर्षं झाल्यावर. (या हिशेबाने साबुदाण्याची खिचडी म्हणजे साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची, पूर्ण अमेरिकन. आषाढी एकादशीला हे घरात सांगून बघा.) साखरही गेली; थोरला प्लिनी या रोमन लेखकाला ती ठाऊक होती, पण औषध म्हणून, आणि तीही भारताकडून येणारी. गोडाला मध. भातही नाही. यावर मात्र आमच्या भिशीत दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

आणि मग उरतं काय ते बघा: जिरे, धणे, मिरे, हिंग, मोहरी, शेपू, पुदिना, कोथिंबीर, लसूण, कांदा, मसूर, हरभरे, कोबी, मुळा, अंजीर, खजूर. म्हणजे मिसळणाचा डबा जवळजवळ जसाच्या तसा. मला पहिल्यांदा यादी करताना वाटलं, आपण रोमन जेवण करत नाही आहोत, पणजीच्या पणजीचं करतोय.

मिरे तिकडे जायचे ते आपल्याच किनाऱ्यावरून. थोरल्या प्लिनीने भाव लिहून ठेवलेत: काळे मिरे पौंडाला ४ दिनार, पांढरे ७, आणि पिंपळी १५. त्याच्या कपाळाला आठी आहे, कारण भारताशी व्यापारात साम्राज्याचे वर्षाला ५ कोटी सेस्टर्स नाणी जातात असं त्याचं गणित. पिंपळी आज कुणी स्वयंपाकात घालत नाही, रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात मागितलीत तर "खोकला आहे का?" असं विचारतात. हो म्हणा आणि घ्या. मिऱ्याहून तिखट, मागून किंचित गोड. उलट्या बाजूने इकडे आलेलं पाहायचं असेल तर कोल्हापूरला जा. तिथल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात समुद्रदेव पोसायडनची काशाची चिमुकली मूर्ती मिळाली. १९४५-४६ मध्ये आपल्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. इतकं लांब नको असेल तर कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे तेव्हाच्या ग्रीक वगैरे परदेशी लोकांची, नावं आहेत, लोणावळ्याला जाता जाता बघून होतात.

हिंगाची बरणी

या सगळ्यात मला रोमन माणूस खरा आपला वाटला तो हिंगाशी.

त्यांना आधी सिल्फियम नावाची वनस्पती आवडायची, उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीची. तिचा चीक चांदीच्या भावाने विकला जायचा. इतकी खाल्ली, इतकी उपटली की संपली. प्लिनी म्हणतो, आमच्या हयातीत एकच काडी सापडली, ती नीरो बादशहाला पाठवली. मग त्याऐवजी पार्थियाकडून, म्हणजे इराणच्या बाजूने, दुसरा चीक येऊ लागला. तो हिंग. प्लिनीला तो कमअस्सल वाटायचा. आपण त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आमट्या तारल्या.

अपिसियस या रोमन खवय्याच्या नावावर पाककृतींचा जो संग्रह आहे, त्यात महाग हिंग पुरवून वापरायची युक्ती दिली आहे. काचेच्या बरणीत हिंग ठेवायचा आणि त्यात वीसेक चिलगोजे टाकायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत चिलगोज्यांना वास लागतो. स्वयंपाकात हिंग घालायचाच नाही. दोन-चार चिलगोजे काढून कुटून घालायचे, आणि जितके काढले तितके नवे बरणीत टाकायचे. हिंग तेवढाच राहतो. हे सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाचं डोकं आहे, रोमचं नाही.

करून बघा. डबीतला बांधणी हिंग चालत नाही, त्यात पीठ आणि डिंक असतो. खडा हिंग घ्या, सुपारीएवढा. चिलगोजे महाग वाटले तर सोललेले बदाम अर्धे करून टाका. बरणीचं झाकण घट्ट हवं. मी पहिल्यांदा चहाच्या कपाटात ठेवली, आठवडाभर घरात हिंगाचा चहा होता.

कृती

मिरचीविना ठेचा. मोरेटुम म्हणतात याला. एका लॅटिन कवितेत पहाटे उठलेला गरीब शेतकरी हा करतो, चार गड्डे लसूण घेऊन. ठेचताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तो धुराला शिव्या देतो. चार गड्डे नको, एक पुरे. दगडी खलात लसूण आणि जाडं मीठ आधी चेचा, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. मग २०० ग्रॅम खारट चीज, फेटा मिळतं ते चालतं. मग मूठभर कोथिंबीर, सेलरीची पानं असतील तर ती, चमचाभर धणे. शेवटी ऑलिव्ह तेल एक चमचा आणि व्हिनेगरचे चार थेंब. बत्ता एकाच दिशेने फिरवत राहा. पांढरा आणि हिरवा वेगवेगळे दिसायचे बंद होऊन एकच फिका हिरवा रंग आला की थांबा. मिक्सरमध्ये केलंत तर चटणी होते, आणि चटणीला नावं ठेवायची नसली तरी हा तो पदार्थ नाही. पावाला लावून खायचा.

पावासाठी खपली गहू घ्या. रोमन लोक ज्याला 'फार' म्हणत, ज्याची लापशी खाऊन ते वाढले, तो हाच गहू. ते नंतर मऊ पांढऱ्या पावाच्या मागे लागले. आपल्याकडे खपली मधुमेहवाल्यांनी परत आणला. आजीची खपलीची खीर माझ्या तोंडात अजून आहे, त्यामुळे मला याचं अप्रूप नाही, पण भिशीतल्या धाकट्यांना आहे.

लिबुम. ही कॅटो नावाच्या कंजूष, खडूस म्हाताऱ्याच्या शेतीच्या वहीतली, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, देवाला वाहायची पोळीवजा भाकरी. त्याचं प्रमाण दोन पौंड चीज, एक पौंड पीठ, एक अंडं. रोमन पौंड आपल्या सव्वातीनशे ग्रॅमचा. मी ४०० ग्रॅम ताजा छेना घेते, पाणी पूर्ण निथळलेला, आणि तळव्याने परातीत इतका मळते की दाणा लागू नये. सगळं यश इथे आहे. दाणा राहिला तर भाकरी फुटते. मग २०० ग्रॅम खपलीचं पीठ, एक अंडं, अंडं न खाणाऱ्यांसाठी दोन चमचे साय. दोन गोळे थापायचे, बोटभर जाड. कॅटो खाली पानं घालायला सांगतो, कुठली ते सांगत नाही; बहुतेक जण लॉरेलची घेतात. मी आपलं तमालपत्र घालते. झाड वेगळं, पण तमालपत्र रोमला जायचंच, 'मालाबाथ्रम' या नावाने, नावही आपलंच मोडूनतोडून. त्याने मातीच्या झाकणाखाली चुलीवर भाजायला सांगितलंय. आई नानकटाई भाजताना पातेल्याखाली आणि वर झाकणात निखारे ठेवायची, तसं. आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर चाळीस मिनिटं. वरून गरम असतानाच मध. कॅटो मधाचं नाव काढत नाही. तो नसेल काढत.

बाकीचं पटापट. पार्थियन कोंबडी: मिरे, शहाजिरे, थोडी सेलरी, वाइन आणि कोमट पाण्यात विरघळवलेला हिंग, सगळं एका मातीच्या भांड्यात कोंबडीवर ओतून शिजवायचं, वर पुन्हा मिरे. यात ते गारुम नावाचा सॉसही घालत; गारुममध्ये मासे मिठात घालून उन्हात महिनोन्‌महिने आंबवलेले असत. मी बाजारात मिळणारा फिश सॉस घालते, अर्धा चमचा. शाकाहाऱ्यांना मसूर: जिरे, धणे, पुदिना, हिंग वाटून, मध आणि व्हिनेगर. सोलापूरकडची एक जण म्हणाली, "ही तर आमटी, फक्त रुसलेली." अंडी सुरुवातीला, उकडून, चिलगोजे-मिरे-मध-व्हिनेगरच्या चटणीबरोबर, कारण त्यांचं जेवण अंड्यापासून सुरू होऊन सफरचंदावर संपायचं. शेवटी बी काढून अक्रोड भरलेला खजूर, मिठात घोळवून मधात परतलेला. मीठ विसरू नका, सगळी मजा त्याची. पुरंदरची अंजिरं मिळाली तर दुसरं काही नको.

प्यायला मुलसुम, म्हणजे वाइनमध्ये मध. ज्यांना नको त्यांना काळ्या द्राक्षांचा रस, पाणी घालून. पाणी न घालता पिणं ते अडाण्यांचं लक्षण मानायचे.

पंगत

आत येताना उजवा पाय आधी. सम्राट नीरोच्या काळातल्या एका कथेत पाहुण्यांना दारात ओरडून आठवण करणारा नोकर आहे. आपल्याकडे माप ओलांडताना सासू असते.

चपला बाहेर, पाय धुऊन. काटा नाही; हाताने आणि चमच्याने जेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रत्येकीने स्वतःचा नॅपकिन आणायचा. रोमन पाहुणेही आणायचे, आणि जाताना त्यात उरलंसुरलं बांधून न्यायचे. अख्खी ताटं नॅपकिनमध्ये रिकामी करणाऱ्यांवर तिथल्या कवींनी टिंगल केली आहे. आम्ही डबे आणतो. हाडं आणि सालं ते खाली जमिनीवर टाकायचे, तशा जमिनीचं रंगीत खड्यांचं चित्र व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, माशांचे काटे, शिंपले, आणि एक उंदीर अक्रोड कुरतडतोय. एवढं रोमन व्हायची गरज नाही. गच्ची आपल्यालाच झाडायची आहे.

पॉम्पेईत एका घरात जेवायच्या जागेच्या भिंतीवर तीन सूचना रंगवलेल्या आहेत. त्यांचा भावार्थ मी पुठ्ठ्यावर लिहून पाण्याच्या टाकीला टांगते:

पाय धुऊनच वर यावे. गादीवर नॅपकिन पसरावा. चादरी आमच्या आहेत.

दुसऱ्याच्या बायकोकडे टक लावून पाहू नये. तोंड सांभाळून बोलावे.

भांडण टाळता येत असल्यास टाळावे. नसल्यास आपापल्या घरी जाऊन करावे.

यजमान नक्की शनिवार पेठेतून तिकडे गेला असणार, यावर आमचं एकमत आहे.

वाढताना सगळ्यांना सारखंच वाढा. हे मुद्दाम सांगते, कारण रोममध्ये तसं नव्हतं. धाकटा प्लिनी, थोरल्याचा भाचा, एका पत्रात सांगतो की एका यजमानाने तीन प्रतींची वाइन ठेवली होती: स्वतःसाठी आणि बड्यांसाठी एक, लहान मित्रांसाठी दुसरी, आणि जे कधी गुलाम होते त्यांच्यासाठी तिसरी. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. धाकट्या प्लिनीला हे पटलं नाही. तो म्हणाला, माझ्याकडे सगळ्यांना एकच वाइन, मी त्यांची पितो ती.

मुख्य जेवण झालं आणि गोड यायचं असलं की मध्येच सगळे गप्प व्हायचे. ताटातला काही भाग घरच्या देवांना, लारेसना, विस्तवात अर्पण व्हायचा, आणि एक मुलगा येऊन सांगायचा, देव प्रसन्न आहेत. आम्ही त्या वेळी एक घास बाजूला काढून ठेवतो. माझे आजोबा ताटाभोवती चित्राहुती घालायचे त्याची आठवण होते, फक्त ते आधी घालायचे आणि हे मध्ये.

हे सगळं वाढत कोण होतं, पाय कोण पुसत होतं, ते लपवून ही पंगत घालता येत नाही. गुलाम. ज्या कॅटोच्या वहीतून मी भाकरी उचलली, त्याच वहीत तो सांगतो की म्हातारा बैल विका, मोडकी गाडी विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलाम विका. सॅटर्नेलियात मात्र मालक गुलामांना वाढायचे, निदान त्यांच्याबरोबर बसायचे. म्हणून दुसऱ्या वर्षी मी आमच्या पोळ्यांच्या मावशींना पाहुणी म्हणून बोलावलं, एकोणीस वर्षं आमच्या पोळ्या लाटणाऱ्या. कॉन्सलची जागा दिली. त्यांनी लोडाकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं आणि मांडी घालून बसल्या. "ताई, माणूस दुखण्यातून उठलं की असं जेवतं. मला काय झालंय?" ठेचा आवडला, पण "मिरची राहिली वाटतं" असं हळूच म्हणाल्या. लिबुमवर बोट ठेवून बघितलं आणि विचारलं, तव्यावर का नाही टाकलं? यंदा तव्यावर टाकलं. ओव्हनपेक्षा बरं झालं. मंद आच, वर झाकण, दोन्ही बाजूंनी बारा बारा मिनिटं. कृतीत ही दुरुस्ती करून घ्या.

जेवण झाल्यावर अक्रोडांचा जुगार. पैसे लावायचे नाहीत, अक्रोडच लावायचे, तसं तिकडेही चालायचं. दोन फासे, एका बाईला वीस अक्रोड. मावशी आल्या त्या वर्षीच एकाहत्तर जिंकून घेऊन गेल्या, तेव्हापासून त्या दर डिसेंबरला स्वतःहून विचारतात.

उठताना चौरंग पूर्ण रिकामा करू नका, काहीतरी राहू द्या. आणि दिवा फुंकू नका. रोमन लोक दिवा विझवत नसत, आपणहून मालवू देत. कुंभारवाड्यातल्या पणत्या घ्या, तेल बेताचंच घाला. मी यंदा जरा जास्त घातलं. रात्री नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "गच्चीवर दिवा राहिला आहे, संबंधितांनी त्वरित विझवावा." मी कळवलं, तेल संपलं की तो स्वतःच जाईल, आणि जाऊन त्याच्याजवळ बसले. पावणेदहाला गेला.